जे रिडिंग आलं ते

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर काही उमटवलं असेल तर ते अंगठ्यानं. वडील केजच्या आडत दुकानात हमाल आहेत, आई मजुरीला जाते आणि मी बीडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर मी लिहिलं ते शिष्यवृत्तीचे अर्ज आणि हमीपत्रं. अशा माणसानं दुसऱ्या माणसावर लिहायला बसावं, तेही ज्याचा धर्म आपल्याला माहीत नाही आणि ज्याचा विषय अर्धामुर्धाच कळला अशा माणसावर, हे जरा जास्तच झालं. पण सरांवर लिहायला दुसरं कुणी तयार नाही. कॉलेजवाल्यांना वाटतं चर्चवाल्यांनी लिहावं, चर्चवाल्यांना वाटतं कॉलेजवाल्यांनी. सरांचं सगळ्याच बाबतीत असं होत आलंय.

सर आम्हाला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचे आणि महिन्यातले दोन रविवार गावाबाहेरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये उपदेश करायचे. ही दोन कामं एकाच माणसात असू शकतात हे केज तालुक्याला पटत नव्हतं. कॉलेजात त्यांना पाठीमागं 'फादर' म्हणत. ते फादर नव्हते, त्यांच्या पंथात फादर नसतोच, पण एवढी चौकशी करतो कोण. चर्चमध्ये त्यांना 'सायंटिस्ट' म्हणत, आणि तेही कौतुकानं नव्हे.

उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात स्टीलची घडीची मोजपट्टी. ती पट्टी ते कुठंही काढत. चर्चवर नवा क्रूस बसवला तेव्हा मंडळी गाणी म्हणत होती आणि सर खाली उभे राहून ओळंबा सोडून बघत होते. गाणं संपल्यावर त्यांनी जाहीर केलं की क्रूस वाकडा आहे. चर्चचे पाळकसाहेब मऊ माणूस. ते म्हणाले, "सर, भाव महत्त्वाचा."

"भाव सरळच आहे," सर म्हणाले. "खांब वाकडा आहे."

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं. "तू बघितलंस, का तुला सांगितलं?" कुणी धावत येऊन म्हणालं, सर, अंबाजोगाईची गाडी निघाली, तरी सर आधी हाच प्रश्न विचारत. उत्तर मिळेपर्यंत गाडी खरोखर निघालेली असे. मग ते शांतपणे म्हणत, "आता मी बघितलं."

त्यांच्या चाचणी परीक्षेत 'माहीत नाही' असं लिहिलं तर अर्धा मार्क मिळायचा. चुकीच्या उत्तराला शून्य. माझ्या बाकावरचा मित्र, जो रविवारी त्याच चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा, त्यानं एकदा वीसच्या वीस प्रश्नांना 'माहीत नाही' लिहिलं आणि दहा मार्क मागितले. सरांनी दिले. खाली लाल शाईनं लिहिलं, 'इतका प्रामाणिक अडाणी प्रथमच पाहिला.' प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं.

"सर, तुम्ही अज्ञानाला मार्क देता?"

"नाही. अज्ञान ओळखल्याला देतो. तुमच्याकडं ते ओळखू येत नाही, म्हणून तुम्ही जास्त देता."

संस्थेचे अध्यक्ष राजकारणातले. विनोद त्यांना स्वतःचेच आवडत. एका कार्यक्रमात ते माईकवरून म्हणाले, "आमचे फादर सर म्हणतेत, त्यांच्या देवानं सहा दिवसांत जग केलं. आपल्या कॉलेजची पाण्याची टाकी सहा वर्षं झाली, होईना." सगळे हसले. सर उठून म्हणाले, "देवानं टेंडर काढलं नव्हतं, साहेब." त्यानंतर कुणी हसलं नाही. टाकीचं काम अध्यक्षांच्या मेव्हण्याकडं होतं.

सहा दिवसांचा प्रश्न दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच. वर्ग त्यासाठी आधीपासून तयारीत बसायचा, बैलांची झुंज बघायला बसावं तसा.

"सर, तुमच्या पुस्तकात सहा दिवस, आन् आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात अब्जावधी वर्षं. मंग खरं काय?"

"आमच्या पुस्तकात सूर्य कितव्या दिवशी झाला?"

वर्गाला माहीत नसायचं. माझा मित्र खाली मान घालून सांगायचा, "चौथ्या."

"मग पहिले तीन दिवस कुणाच्या घड्याळात मोजले?" सर विचारत. "हे लिहिणाऱ्याला कळत नव्हतं असं वाटतं का तुला? तो तुझ्यापेक्षा हुशार होता. जग कुणाचं आहे, एवढं त्यानं सांगितलं. ते कसं झालं, हे तुझ्यावर सोडलं. आणि तू कॉपी करतोस."

बारावीच्या वर्षी कॉलेजात एक मोठे व्याख्याते आले. आजचे सगळे शोध आपल्या ग्रंथांत आधीपासून आहेत असं त्यांनी तासभर सांगितलं. शेवटी सरांनी हात वर केला. "पुढच्या वर्षी जो शोध लागणार आहे, तो कोणत्या पानावर आहे? पान सांगा. आमची पोरं यंदाच लावतील." पंधरा दिवसांनी चर्चमध्ये शहरातून एक प्रवचनकार आले. कोट, टाय, बरोबर स्वतःचा साउंडवाला. पृथ्वी गोल आहे इथपासून पाण्याच्या चक्रापर्यंत सगळं विज्ञान पवित्र शास्त्रात आधीच लिहिलंय, असं त्यांनीही तासभर सांगितलं. सरांनी तिथंही हात वर करून तोच प्रश्न विचारला, शब्दसुद्धा न बदलता. मित्र सांगत होता की दोघांचं उत्तरही एकच आलं. श्रद्धा पाहिजे. पंधरा दिवसांत दोन धर्मांना एकाच मापानं दुखवणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा झाला नसेल. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो बहुधा हाच.

आता प्रॅक्टिकलबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ज्यांनी सायन्स केलंय त्यांना माहीत आहे की प्रयोगाचं उत्तर प्रयोगातून येत नाही, ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून येतं. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण काढायचं, उत्तर ९.८. आधी ते लिहायचं, मग त्याला शोभतील अशी रिडिंग मागं बसवायची. ही पद्धत आमच्या कॉलेजात पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. सरांनी पहिल्याच तासाला सगळी जर्नलं परत दिली आणि म्हणाले, "लंबक हलवा. जे रिडिंग आलं ते लिहा."

आलं ९.४. पुन्हा केलं, ९.४. आम्हाला घाम फुटला. सरांना मात्र फार आनंद झाला. त्यांनी लॅबचं स्टॉपवॉच आणि स्वतःचा मोबाइल शेजारी शेजारी ठेवून दहा मिनिटं चालू ठेवले. स्टॉपवॉच बारा सेकंद पुढं पळालं होतं.

"हे घड्याळ मी यायच्या आधीपासून खोटं बोलतंय," सर म्हणाले, "आणि तुम्ही सगळे मिळून त्याला पाठीशी घालताय. एकानं जरी ९.४ लिहिलं असतं तर ते केव्हाच कचऱ्यात गेलं असतं."

मी रविवारी दुपारी त्यांच्या घरी गणितं सोडवायला जायचो. फुकट शिकवत. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ख्रिस्ती हाय म्हणतेत तो मास्तर."

"हायेत."

"शिकवतो का पण?"

"लई."

"मंग जा की. कावून विचारायला?"

एका रविवारी मी भीत भीत विचारलं, "सर, तुमी प्रार्थना बी करता आन् फिजिक्स बी शिकवता. अडचण येत न्हाई का?"

"येते ना. दोन्हीकडचे लोक उत्तर पाठ करायला लावतात." मग ते बराच वेळ पट्टी उघडझाप करत राहिले. "हे जग त्याचं लिखाण आहे असं मी मानतो. मग रिडिंग खोटं लिहिणं म्हणजे त्याच्या अक्षरावर खाडाखोड. न मानणाऱ्यानं एकवेळ केली तर मी समजू शकतो. मला ते जमायचं नाही."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "पोराला आधी पाणी तर द्या. मग अक्षर दाखवा देवाचं."

त्यांना आम्ही बाई म्हणायचो. त्या संडे स्कूल घ्यायच्या, शिवणकाम करायच्या आणि सरांना अजिबात घाबरायच्या नाहीत. त्यांना बरीच वर्षं शुगर होती. सकाळ-संध्याकाळ सर स्वतः युनिट मोजून त्यांना इन्सुलिनची सुई द्यायचे, आधी बोट टोचून रिडिंग घ्यायचे आणि वहीत लिहायचे. बाई म्हणायच्या, "लगीन झाल्यापासून मोजायलेत मला. मी काय लंबक हाय का?"

बारावीच्या दिवाळीनंतर तेच शहरातले प्रवचनकार पुन्हा आले. तीन दिवस मांडव टाकून आरोग्यासाठी प्रार्थना. त्या मंडळींत साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सगळ्यांसमोर सांगायचं. मित्र कीबोर्डवर होता म्हणून मीही शेवटच्या दिवशी गेलतो. कुणाची कंबर बरी झाली होती, कुणाचं पोरगं पोलीस भरतीत लागलं होतं. आणि मग बाई उठल्या.

"माझी शुगर गेली," त्या म्हणाल्या. "प्रार्थना झाल्यापासून सुई घेतली न्हाई. मला हलकं वाटायलंय. मोकळं वाटायलंय." त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. टाळ्या झाल्या. कीबोर्ड वाजला. टाळ्या थांबल्यावर सर उभे राहिले आणि सगळ्या मांडवासमोर आपल्या बायकोला म्हणाले, "रिडिंग किती आलं?"

सरांवर मी कितीही जीव टाकत असलो तरी हे सांगायलाच हवं की तो प्रश्न घरी विचारायचा होता.

प्रवचनकार हसून म्हणाले, "बंधू, शंका हे सैतानाचं अवजार आहे."

"एका शिष्यानं शंका घेतली होती," सर म्हणाले. "प्रभूनं त्याला हाकललं नाही. स्वतःची जखम पुढं केली, बघ म्हणाला. देव बरं करतो, साहेब. पण तो रिपोर्टला भीत नाही."

साउंडवाल्यानं आवाज वाढवला. बाई खाली बसल्या. त्यांचा उजळलेला चेहरा आता लाल झाला होता.

त्या दिवसापासून बाईंनी बोट पुढं करायचं बंद केलं. सुई तर आधीच बंद होती. सरांनी नवीन मशीन आणून कपाटात ठेवलं. रविवारी मी ओसरीवर गणितं सोडवत असायचो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सर, ज्यांनी अध्यक्षांना कधी विनंती केली नाही, म्हणायचे, "एकच थेंब."

"थेंबबिंब न्हाई. तुमचा इस्वास माझ्यावर न्हाई का देवावर न्हाई, ते सांगा आधी."

"दोघांवर आहे. सुईवरही आहे."

"मंग तिघांचं पटतंय का बघा," असं म्हणून बाई भाजीला फोडणी द्यायच्या. सर परत येऊन माझी वही उलटीच धरायचे. डॉक्टरांना घरी आणून झालं, पाळकसाहेबांना मध्ये घालून झालं. बाई दोघांनाही चहा पाजून वाटेला लावायच्या. या असल्या हट्टात बाईंचा जीव जाईल, एवढं मलाही कळत होतं. त्या दिवसभर तांब्या तांब्या पाणी प्यायच्या आणि वाळत चालल्या होत्या.

एका रविवारी मी गेलो तर सर घरी नव्हते. पेपर तपासायच्या कामाला बाहेरगावी गेले होते. बाईंनी मला आत बोलावलं. ओट्यावर मशीन होतं.

"तुला येतं का रे हे?"

"येतं. सर करतेत तसं."

"कर मग. त्यांना सांगू नको. त्यांना जिंकल्यासारखं वाटंल."

मी बोट टोचलं. थेंब मशीनच्या पट्टीला लावला. बाईंचा चष्मा शिलाई मशीनवर राहिला होता. मशीननं पाच आकडे मोजले आणि उत्तर दाखवलं. तीनशे बेचाळीस.

"किती हाय?" बाईंनी विचारलं.

त्या माझ्याकडं बघत होत्या. मांडवात त्यांचा जो चेहरा उजळला होता, त्यातलं थोडंसं अजून शिल्लक होतं. मला सरांनी दीड वर्ष एकच गोष्ट शिकवली होती, जे रिडिंग आलं ते. पण त्याआधीची सोळा वर्षं मी दुसरंच शिकलो होतो. समोरच्याला कोणतं उत्तर हवंय ते ओळखायचं. मास्तरांना, साहेबांना, शिष्यवृत्तीच्या खिडकीतल्या क्लार्कला. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी शिकतंय, त्याला एवढ्या एकाच हुशारीवर दिवस काढावे लागतात.

"एकशे बारा," मी म्हणालो.

बाईंनी हात जोडून स्तुती केली. मशीन पुसून कपाटात ठेवलं. मला शेवयांची खीर दिली. मी ती पूर्ण खाल्ली.

फेब्रुवारीत त्यांच्या पायाला चप्पल लागून जखम झाली. आठवड्यात ती काळी पडली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. जीव वाचला. डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

मी आणि मित्र जीप धरून भेटायला गेलो. मी ठरवूनच गेलो होतो की सगळं सांगायचं. तिथं चर्चचे पंच बसले होते. त्यातले एक सरांना समजावत होते की देवानं आशीर्वाद दिला होता, पण घरातच शंका असली की आशीर्वाद टिकत नाही. ते गेल्यावर प्राचार्य आले. त्यांनी समजावलं की प्रार्थनेच्या नादानं असंच होतं, तुम्ही तरी विज्ञानाचे होता. दोन्ही बाजूंनी एकाच खाटेशी उभं राहून एकाच माणसाला दोषी ठरवलं. विज्ञान आणि धर्म यांचं एकमत झालेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. सर कुणालाच काही बोलले नाहीत. ते गप्प बसू शकतात हे मला माहीत नव्हतं.

बाईंनी मला पाहिलं. "जेवलास का?"

"व्हय," मी म्हणालो. तेही खोटंच होतं.

मग बोलायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू, परीक्षेनंतर सांगू. पंचांनी सरांना उपदेशाच्या कामातून 'विश्रांती' दिली. सर मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे उपदेश ऐकायला लागले. तीच एक गोष्ट त्यांना जगात मनापासून हवी होती, महिन्यातले ते दोन रविवार. ते आठवडाभर त्याची तयारी करायचे, हे मी बघितलं होतं. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मी ९.७ लिहिलं, खरं आलेलं, नव्या स्टॉपवॉचचं. त्यात मोठं काही नव्हतं. लंबकाच्या पायाला जखम होत नाही.

बीडला प्रवेश घेताना शिफारसपत्र लागत होतं. बाकीच्यांची पत्रं मी वाचली होती. सगळे कुशाग्र, सगळे सर्वगुणसंपन्न. सरांनी माझ्या पत्रात लिहिलं, 'अभ्यासू आहे. मन चांगलं आहे. धीट होईल अशी आशा आहे.' मला राग आला. हे असलं पत्र कोण दाखवणार. मी ते दाखवलं नाही. दुसऱ्या मास्तरांकडून सर्वगुणसंपन्न होऊन आलो. त्यानंतर दीड वर्ष मी केजला गेलो की त्यांच्या गल्लीतून जात नाही, मागच्या रस्त्यानं जातो.

परवा दुपारी मेसच्या रांगेत असताना मित्राचा फोन आला. तो अजून त्याच चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो.

"अरे, बाई उठल्या काल साक्ष द्यायला. काठी टेकत टेकत पार पुढं गेल्या. मी आपला सूर धरायलो, तर मला म्हणल्या, वाजवू नको, बोलू दे."

"काय बोलल्या?"

"म्हणल्या, माझा पाय देवानं न्हाई घेतला आन् ह्यांच्या शंकेनं बी न्हाई घेतला. मी घरी एकदा रिडिंग घेतलतं, चोरून. तीनशे बेचाळीस व्हतं, मागनं मशीनमधी बघितलं. एका पोराला बघाय लावलं, त्यानं एकशे बारा सांगितलं. पण त्याचं तोंड मला दिसत व्हतं म्हणल्या. चष्मा नसला म्हणून काय झालं. पोरगं खोटं बोलायलंय हे मला तवाच कळलं. मला एकशे बाराच पाहिजे व्हतं, म्हणून मी तेच घेतलं. सरांचं उपदेशाचं पुलपीट माझ्यापायी गेलं."

मी रांगेतून बाजूला झालो.

"मंग पंचांतला एकजण सरांना म्हणला, तुमाला म्हाईत व्हतं का हे? सर मागूनच म्हणले, होतं. मशीन आकडा आन् तारीख दोन्ही ठेवतं, दवाखान्यातून आल्यावर बघितलं. तो म्हणला, मंग इतके दिवस बोलला कावून न्हाईत? तर सर म्हणले, ती साक्ष माझी नव्हती. जिची होती तिनं आज दिली."

तिकडं त्याच्याजवळून एक ट्रॅक्टर गेला बहुतेक.

"आता पुढच्या रविवारी पंचांची बैठक हाय, सरांना परत बोलवायचं का न्हाई म्हणून. पण मला एक सांग बे. ते पोरगं कोण असंल? बाईंनी नाव न्हाई घेतलं. सरांनी बी न्हाई. तू तर दर रविवारी जायचास तिथं. तुला म्हाईत आसंल."

"मी," मी म्हणालो.

"आं? आवाज येईना. कोण?"

मी पुन्हा सांगितलं.